लाल ठिपक्यांच्या अकरा वह्या

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

आज फळ्यावर कुणीतरी लिहिलं, "हे खोटं आहे."

त्या रागात ही वही उघडली. ह्यांनी आपली बारावी वही म्हणून आणून ठेवली होती, कोरीच राहिली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तळ्याकडे वळताना, भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आहे. वर तैलरंगात 'वार्ताफलक' असं लिहिलंय. कुणाचं निधन, पाणी कधी येणार नाही, वर्गणीची सभा, हे सगळं त्यावर लिहितात. उरलेले दिवस फळा ह्यांचा. छत्तीस वर्षं रोज सकाळी ह्यांनी त्यावर 'माहीत आहे का?' असं लिहून खाली दोन-तीन ओळी लिहिल्या. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गल्लीत सगळे ह्यांना कंट्रोलर म्हणायचे, निवृत्तीनंतरही.

१ जानेवारीला ह्यांनी लिहिलं, "माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत गेले. निधनाची बातमी लिहायची तर फळा पुसायचा, अशी रीत आहे. समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानातल्या कमरुद्दीनभाईंनी तो पुसला नाही. खाली जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात ह्यांचं नाव आणि वेळ लिहिली. तेराव्यानंतर खालचं गेलं. वरचं सात आठवडे तसंच होतं. आणि आज त्याच्याखाली हे, शेजारणीने येऊन सांगितलं. अक्षर कमरुद्दीनभाईंचंच.

चप्पल अडकवली आणि गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत जानेवारीनंतर आजच.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच लिहिलं."

"गेलेल्या माणसाला खोटं ठरवता?"

"माणसाला नाही वहिनी, मेंदूला." चष्मा पुसत बसले होते, वर बघितलंही नाही. "आमची जास्मीन डॉक्टर आहे ना, ती म्हणते, सगळाच्या सगळा मेंदू कामात असतो. दहा टक्क्यांची जगभर पसरलेली अफवा आहे."

"मग पुसून टाकायचं."

"फळा कंट्रोलरचा. मी कसा पुसू? तुम्ही पुसा. आणि खरं काय ते लिहा." खडूची पेटी पुढे सरकवली.

मी खडू घेतला नाही. पहिल्यापासून आगाऊ माणूस.

२१ फेब्रुवारी

वाचनालयात गेले. माझं शिक्षण सातवीपर्यंत, बाकी सगळं वाचून वाचून. संदर्भाच्या कपाटातले दोन जाड खंड काढले, एक आरोग्याचं पुस्तक काढलं. कमरुद्दीनभाई बरोबर निघाले. आपण झोपलेले असतो तेव्हाही मेंदूचा कुठलाच भाग बंद नसतो.

त्यांचं खरं निघालं याचाच जास्त राग आला.

२२ फेब्रुवारी

ओल्या फडक्याने फळा पुसला. 'माहीत' हा शब्द आधी पुसावा की शेवटी, यात थोडा वेळ गेला. मग ह्यांचं सगळं अक्षर पाण्याबरोबर भिंतीवरून खाली आलं आणि मी खडू घेतला.

फळ्याखाली सोनाबाई सुकी मासळी घेऊन बसते. तिला वाचता येत नाही. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवायचे आणि मग डेपोत जायचे. आज तिने मला विचारलं.

"काय लिवलंय वयनी?"

"आपण सगळा मेंदू वापरतो. आधी लिहिलेलं चुकीचं होतं."

"कंट्रोलर खोटा बोलला?"

"खोटं नाही. त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलं."

"मंग ठीक हाय." तिने बोंबील झटकले. "पर सगला मेंदू वापरून लोक असं वागतात? दाहा टक्के बरा होता. माफ तरी करता येत होता."

अक्षर तिरकं आलंय. ह्यांचं सरळ यायचं.

२३ फेब्रुवारी

ह्यांच्या अकरा वह्या माळ्यावरून काढल्या. प्रत्येक नोंदीत माहिती, आणि पुढे ती कुठून मिळाली ते. 'शनिवारची पुरवणी.' 'आकाशवाणी.' पण बहुतेक डेपोतल्या लोकांकडून घेतलेल्या. 'पेण गाडी, चष्मेवाले गृहस्थ.' 'रसायनी गाडी, शाळामास्तर.' गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला हे विचारायचे, एखादी नवलाची गोष्ट सांगा. लोक सांगायचे. फळ्यावर लिहून झालं की निळी खूण. काही नोंदींपुढे लाल पेन्सिलीचा ठिपकाही आहे. त्या गोष्टीची पक्की खात्री असेल तर ठिपका देत असावेत.

पहिली वही ९ जानेवारी १९८९ ला सुरू होते. त्याच वर्षी हे का सुचलं ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसांत मी काहीच विचारत नव्हते, बोलतही नव्हते.

आमची मुलगी ऑक्टोबर ८८ मध्ये झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही. एवढ्या लहान बाळाला पुरतात. हे आणि ह्यांचे भाऊ घेऊन गेले. कुठे ते ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंतर मूल झालं नाही. वहीत हे एकदा लिहायला हवं होतं, लिहिलं.

संध्याकाळी तळ्यावर गेले. पश्चिमेला शुक्र एवढा झळझळीत होता की विमान वाटावं. ह्यांच्या चौथ्या वहीत आहे, शुक्राला स्वतःभोवती एकदा फिरायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५. म्हणजे तिथे एक गिरकी पुरी व्हायच्या आत वर्ष उलटतं. मी वाचनालयात ताडून बघितलं, खरं आहे. किती तरी वेळ बघत उभी राहिले. तेवढं मोठं जग, आणि एवढं हळू.

२७ फेब्रुवारी

रोज दहा-बारा नोंदी तपासते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे खोटं. शार्क मासे झाडांच्या आधीपासून पृथ्वीवर आहेत हे खरं. वटवाघळं आंधळी असतात हे खोटं. केळं हे शास्त्राप्रमाणे द्राक्षासारख्या रसाळ फळांच्या जातीतलं आणि स्ट्रॉबेरी मात्र नाही, हे खरं, पण सोनाबाईला पटलेलं नाही.

शेवटच्या वहीतली एक नोंद मी खोटीच धरली होती. गॉडविट नावाच्या पाणपक्ष्याचं एक पिल्लू, पाच महिन्यांचं, अलास्काहून निघालं आणि थेट टास्मानियात उतरलं. अकरा दिवस. साडेतेरा हजार किलोमीटर. मध्ये कुठे उतरलं नाही, खाल्लं नाही, प्यायलं नाही, वाट दाखवायला कुणी होतं का तेही माहीत नाही. वाचनालयातल्या मुलीने मासिक काढून दाखवलं. खरं आहे. परत येताना विजेच्या तारेवर बसलेल्या साळुंकीकडेसुद्धा मी वेगळ्या नजरेने बघितलं.

फळ्यावर लिहिण्याआधी हे सकाळच्या चहाला मला सांगायचे. मी "काय सांगता!" म्हटलं की खूश व्हायचे, नुसतं "हं" म्हटलं की वही चाळून दुसरी शोधायचे. आता चहा घेताना मीच मोठ्याने वाचते. तसं वाचण्यात काही राम नाही, पण पक्ष्याचं वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

३ मार्च

कालपासून कमरुद्दीनभाईंचे रोजे सुरू झाले. पोटात पाण्याचा थेंब नाही, तरी जीभ थकत नाही. मी खडू खाली ठेवते न ठेवते तोच दुकानातून आवाज, "वहिनी, हे कशावरून?" सांगेपर्यंत सोडत नाहीत. मग मला वाचनालयात जाऊन पुरावा आणावा लागतो. आज म्हणे, "कंट्रोलरच्या वहीत सोनमाशाची आठवण तीन सेकंदांची लिहिलीय. माझ्या दुकानातला मासा मला ओळखतो." पाहिलं तर हेही खोटंच. सोनमाशाला महिनोन्‌महिने आठवतं. दुरुस्ती लिहिली. त्यांनी माशाला वाचून दाखवली. म्हातारपणी माणूस पोरकट होतो.

सोनाबाईला आजची माहिती आवडली. आपल्याकडच्या पहिल्या मूकपटात राणीचं काम पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना, आणि तो पुरुष हॉटेलातला आचारी होता. पुढे एका मूकपटात राम आणि सीता, दोन्ही तोच.

"दोनी त्योच?"

"दोन्ही."

"मंग रुसला कोन नि समजूत काढली कोनी?" ती हसली ती हसलीच. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाही सांगितलं.

७ मार्च

हिशेब असा निघतोय की ह्यांच्या पाच गोष्टींतली एक चुकीची. छत्तीस वर्षं माझ्या नवऱ्याने पाचातलं एक खोटं गल्लीला शिकवलं. कुणी काही म्हणत नाही. पण परवा दोन बायका फळ्यासमोर म्हणत होत्या, "आता रोज कंट्रोलरच्या चुका निघतात." मी भाजीची पिशवी घेऊन मागेच होते. हे सगळं थांबवावं असं वाटलं. पण मग फळ्यावर चूक तशीच राहणार, आणि ती मला माहीत असणार.

ठिपक्यांचं कोडं सुटत नाही. लाल ठिपक्याच्या गोष्टीही तेवढ्याच प्रमाणात चुकीच्या निघतात, म्हणजे ती खात्रीची खूण नाही. पहिल्या वहीत तर अख्ख्या वर्षात एकच ठिपका आहे, १४ ऑगस्ट ८९. 'शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो.' ही खरी आहे. तो दिवस मला आठवतो. मी म्हटलं होतं, "काय सांगता! म्हणजे दिसतं सगळं आणि कळत काहीच नाही." हे मोठ्याने हसले होते, आणि मीही.

नंतरच्या वह्यांत ठिपके वाढत जातात.

सातव्या वहीत एका नोंदीला ना निळी खूण, ना लाल. 'गर्भ' शब्दाने सुरू होते. तसलं मी वाचत नाही. पान उलटलं.

१२ मार्च

आज लिहिलेलं इथे उतरवून ठेवते. पनवेलभोवतीचे डोंगर लाव्ह्याचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि लाव्हा वाहत राहिला, एकदा नाही, थरावर थर, लाखो वर्षं. कर्नाळ्याचा सुळका त्याच दगडाचा. मी ज्या पायरीवर बसून कपडे धुते ती पायरीही.

सोनाबाई म्हणाली, "तवा कोन होता बगायला?"

"कुणीच नाही."

"एवडा मोटा, नि बगायला कोनीच नाय." तिने आजूबाजूला नजर टाकली. रिक्षा, पावाची गाडी, मेडिकल. मग पायाखालची फरशी बोटाने चाचपली. मीही चाचपली. उन्हाने कोमट लागत होती.

१८ मार्च

आज अकरावी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पहिल्याच पानावर परत तीच नोंद, 'गर्भ' वाली. दहावी उघडली, पहिलं पान, तीच. नववी, आठवी, तीच. नवीन वही घेतली की पहिली ओळ तीच उतरवायची. एकदाही निळी खूण नाही. हे विसरभोळे झाले होते म्हणावं तर शेवटच्या दिवसापर्यंत गाड्यांच्या वेळा पाठ होत्या.

अकराव्या वहीत समासात लिहिलंय, 'मालूला सांगायचं. कसं?'

मालू म्हणजे मी.

मग वाचली. 'गर्भाच्या पेशी आईच्या शरीरात राहतात. बाळंतपणानंतर सत्तावीस वर्षांनीही रक्तात सापडल्या. मूल जगलं नसेल तरी राहतात. आपटा गाडी, डॉक्टरीणबाई, जून २०१२.'

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. भात करपला.

१९ मार्च

पाचातलं एक खोटं.

२१ मार्च

आपट्याला गेले. तिथल्या बाईंनीच ह्यांना सांगितलं असेल तर त्यांनाच विचारावं. वाटेत खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसला. एवढा वितळलेला दगड थिजून उभा राहिलेला, आणि मी एका शब्दासाठी तिकीट काढून निघालेली.

पाताळगंगेवर कपडे धुणाऱ्या एका बाईला विचारलं. हौसा नाव तिचं.

"डॉक्टरीणबाय? ती गेली बाय सात वर्सं झाली. लेकाकडं, लांब. तिच्या दवाखान्यात आता मोबाईल मिलतात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काय दुखतंय?"

"काही नाही. विचारायचं होतं."

"मना विचार."

तिला काय विचारणार. थोडा वेळ तिच्याशेजारी दगडावर बसले, तिला एक चादर पिळू लागले, आणि पुढच्या गाडीने परत आले.

वाचनालयात जाऊन शोधता आलं असतं. पाय वळत नाहीत. इतक्या नोंदी मी निर्धास्त तपासल्या. खोटी निघाली की काट मारायची, दुरुस्ती लिहायची. ही खोटी निघाली तर मुलगी दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी काट मला मारावी लागेल.

२४ मार्च

शुक्र पश्चिमेला दिसेनासा झालाय. तीन दिवस बघतेय.

फळ्यावर काही लिहिलं नाही, चौथा दिवस. कमरुद्दीनभाई दुकानातून उठून आमच्या दारापर्यंत आले. एरवी हाकेवर भागवतात.

"वहिनी, खडू संपला?"

"नाही."

"मग माझ्या माशाला आज काय वाचून दाखवू?"

त्यावर बोलायचं नव्हतं म्हणून भलतंच विचारलं. "ह्यांच्या वह्यांत लाल ठिपके आहेत. ते कशाचे, तुम्हांला माहीत आहे?"

ते उंबऱ्यावर टेकले. रोज्याने चेहरा उतरला होता.

"पेन्सिल माझ्याच दुकानातली. पहिल्या वर्षी कंट्रोलर रोज खडू घ्यायला यायचा. मी विचारायचो, आज काय? तो म्हणायचा, आज पण नाही. एवढंच. किती महिने असंच, आज पण नाही. मग एक दिवस आला, पावसात भिजलेला, म्हणाला, कमरू, लाल पेन्सिल दे. आज घरात बोलली."

मी पदर सारखा केला.

"नंतर नंतर येऊन सांगायचा. काल दोन शब्द. काल हसली. काल उलट माझ्यावरच चिडली." कमरुद्दीनभाई उठले. "चिडलात की तो जास्त खूश असायचा. मी म्हटलं, भले माणसा, खरी माहिती दे की जरा. तो म्हणाला, खरंखोटं मागून बघू, आधी तिला ऐकू दे."

ते गेल्यावर पहिली वही काढली. जानेवारी ते ऑगस्ट एक-एक पान बघितलं. दोनशेवर गोष्टी. हत्ती, चंद्र, राजे, मुंग्या, रेल्वे, समुद्र. रोज सकाळी चहाला ह्यांनी सांगितलेल्या. त्यांतली एकही मला ऐकल्याची आठवत नाही.

दिसत होतं सगळं.

उद्यापासून फळा लिहायला हवा. नाहीतर हा माणूस पुन्हा भांडायला येईल.

३१ मार्च

ईद. कमरुद्दीनभाईंच्या घरून, जमिलाभाभींनी बोलावलं होतं. शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि स्वतः समोर बसल्या, संपवल्याशिवाय उठू देणार नाहीत अशा. मुलगा शाहीद मस्कतला, तो फोनवर सगळ्यांना सलाम करत होता. सून जास्मीन घरी होती. एरवी कामोठ्यातल्या दवाखान्यातून उशिरा येते.

अकरावी वही पिशवीत घालून नेली होती. दोनदा बाहेर काढली, दोनदा आत टाकली. शेवटी स्वयंपाकघरात तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "एवढं एक सांग. खरं की खोटं?"

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. समासातलंही वाचलं असणार, कारण मग ती खाली बसली.

"खरं आहे काकू."

"नक्की?"

"नक्की. सत्तावीस वर्षं ही जुनी स्टडी झाली. त्यानंतर नव्वदी ओलांडलेल्या बायकांमध्येही सापडलंय. रक्तात, हृदयात, मेंदूतसुद्धा. बाळाच्या थोड्या पेशी पोटात असतानाच आईकडे येतात आणि मग राहतात."

"नऊ दिवसच जगलं असेल तर?"

"त्या जन्माच्या आधीच येतात. पुढे बाळ किती जगलं याच्याशी संबंध नाही." तिने वही मिटली. "पण खोटं नाही सांगणार. प्रत्येक आईत असतातच असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि सापडतात त्या जास्त करून मुलग्यांच्या."

"का? मुलींच्या राहत नाहीत?"

"राहतात. पण मुलग्याची पेशी बाईच्या शरीरात वेगळी ओळखू येते, त्यामुळे शोधायला सोपी. मुलीची आईसारखीच दिसते. ती शोधणं फार कठीण."

मी वही परत घेतली. "काय सांगतेस" एवढंही म्हटलं नाही.

आता घरी येऊन लिहितेय. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की तिला कुठे ठेवलं ते एकट्या ह्यांनाच ठाऊक. ती इथेच असेल, आणि माझ्यासारखीच दिसते म्हणून कुणाला सापडत नसेल. मी भाजी चिरली, नळावर उभी राहिले, ह्यांच्यासाठी रडले, तेव्हा सगळ्या वेळी बरोबर असेल.

हात बघत बसले होते. नेहमीचेच हात.

६ एप्रिल, रविवार

सकाळी उजाडायच्या थोडं आधी जाग आली. गच्चीत गेले तर पूर्वेला, इमारतींच्या वर, शुक्र. तिकडे मावळला होता तो इकडे उगवला. वहीत आहे हे, सहाव्या. मी ते वाचलं होतं, तरी दिसल्यावर हात जोडले गेले.

फळ्यावर काय लिहायचं ते पाच दिवस कागदावर खोडत होते. ह्यांच्या शब्दांत 'राहतात' आहे. जास्मीनने सांगितलं त्याप्रमाणे ते पुरतं बरोबर नाही. मी 'राहतात' लिहिलं. लांबून बघितलं. फार चांगलं दिसत होतं. मग पुसलं आणि दुरुस्त केलं. ह्यांच्या सगळ्या चुका काढल्या आणि ही एक माझ्या फायद्याची म्हणून सोडली, असं नको.

माहीत आहे का?
बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात कित्येक वर्षं राहू शकतात. बाळ जगलेलं नसलं तरी.
(कंट्रोलर यांच्या वहीतून. तपासलेले.)

अक्षर आज सरळ आलं.

कमरुद्दीनभाई दुकान उघडून उभे होते. मी वाट बघत थांबले, आता विचारतील कशावरून.

"आज काही खोड नाही?" मीच विचारलं.

"आज नाही वहिनी." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "उद्या काढीन."

सोनाबाईने टोपली उतरवली. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिला पेशी म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, अंग ज्याचं बनलेलं असतं ते बारीक बारीक कण. बाळाचे थोडे कण आईच्या अंगात येतात आणि तिथेच राहू शकतात, म्हातारी झाली तरी.

तिने मासळीवरच्या माशा वारल्या. परत वारल्या. माशा नव्हत्या.

"मना सात झाली," ती म्हणाली. "चार हायेत."

"माहीत आहे."

"मंग माज्यात साती हायेत?"

"असतील सोनाबाई. नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण असतील."

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आधी चार पटपट. मग एकेक नाव घेऊन, हळू, आणखी तीन. तिची मुलं बारशानंतर गेलेली, त्यांना नावं होती. मोजून झाल्यावर हात तसाच पोटावर ठेवून बसली. गिऱ्हाईकाने दोनदा भाव विचारला तरी उठली नाही.

"तुज्यात?" तिने विचारलं.

"एक."

"नाव?"

मी मान हलवली.

"मंग ठेव की आता. कोन नको म्हनतंय?"

घरी आले. चहा टाकला, सवयीने दोन कप पाणी घेतलं, तसंच उकळू दिलं. सातवी ते अकरावी, पाचही वह्या टेबलावर उघडून ठेवल्या आणि पाचही नोंदींपुढे निळी खूण केली, आजची तारीख घातली. मग अकराव्या वहीतली नोंद ह्यांच्याच शब्दांत मोठ्याने वाचली, समासातल्या ओळीसकट.

लाल पेन्सिल तासून घेतली. ठिपका देण्याआधी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "काय सांगता!"